गुंतवळ

वेंगुर्ले, १८ नोव्हेंबर

न्हाऊन झाल्यावर मोरीच्या जाळीतली गुंतवळ काढली आणि आज मुद्दाम खिडकीशी उजेडात धरून पाहिली. बहुतेक केसांच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका. हा दिसला की बायकांच्या पोटात गोळा येतो, केस मुळासकट उपटून आला असं वाटतं. तसं नसतं. वाढ पुरी झालेला केस गळतो तेव्हा त्याचं वाळलेलं टोक तेवढं बाहेर येतं. मूळ त्वचेतच राहतं, आणि तिथूनच पुढचा केस उगवतो.

सावंतवाडीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला तेल, शाम्पू यातलं काहीच आधी विचारलं नाही. विचारलं, "दोन-तीन महिन्यांपूर्वी काही मोठं दुखणं झालेलं का?" श्रावणात मला डेंग्यू झाला होता. कडक तापात पुष्कळ केस एकदम वाढायचे थांबतात. ते लगेच गळत नाहीत, साधारण तीन महिने तसेच डोक्यावर असतात आणि मग एकदम सुटतात. म्हणून ताप श्रावणातला, नि केस गळायला लागले दिवाळीत. एरवीही दिवसाला ५० ते १०० केस गळतातच. अशी तापानंतरची गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत थांबते. हे ऐकलं आणि मला रडूच आलं, इतकं हायसं वाटलं.

धाकट्या जावेचेही केस मुठीने येतायत. तिचं बाळ आता चार महिन्यांचं. सासूबाई म्हणाल्या, "पोर हसाक लागला की आवशीचे केस गळतत." किती अचूक! बाळ हसायला लागतं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि गळतीही तेव्हाच सुरू होते. गरोदरपणात वाढलेल्या हार्मोनमुळे जे केस गळायचे राहिलेले असतात, ते बाळंतपणानंतर एकदम गळतात. बाळाच्या हसण्याचा दोष नाही, पण वेळ मात्र आपल्या बायकांनी बरोबर हेरलेली.

शेजारणी विहिरीच्या पाण्याला बोल लावतात. मचूळ पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात, हे खरं. मुळातून गळत नाहीत. खोबरेल मी जन्मभर लावणार, त्याने केस तुटायचे कमी होतात. पण बाईच्या अंगात रक्त नसेल तर बाटलीभर तेल काय करील? मला खरी चीड येते ती इथे. घरातली बाई सगळ्यांच्या मागून जेवते, उरलेलं जेवते, पाळीत रक्त जातं ते वेगळंच, आणि केस गळतात म्हटलं की तिला सांगतात, "टेन्शन घेऊ नको." हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठ्यातलं लोह कमी असू शकतं, त्यासाठी फेरिटिनची तपासणी असते. थायरॉइडचीही करून घ्यावी. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगावं. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा मात्र मदत करतो.

आईचं निराळं आहे. तिची गळती जाणवतही नाही, भांग मात्र वर्षागणिक रुंदावतोय. अंबाडा इतका बारीक झालाय की सुरंगीच्या फुलांचा वळेसर त्यावर ठरत नाही. कपाळावरची केसांची रेषा जागच्या जागी आणि माथा विरळ, ही बायकांची ठरावीक तऱ्हा. लुडविग नावाच्या डॉक्टरांनी १९७७ साली तिच्या तीन पायऱ्या मांडल्या. यात केस आपोआप भरून येत नाहीत. मिनॉक्सिडिल लावतात. ते मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा हा उपयोग कळला. सुरुवातीला गळती थोडी वाढू शकते, फरक दिसायला चार-सहा महिने जातात आणि बंद केलं की फायदाही ओसरतो. गरोदर बायकांनी ते लावायचं नाही. आईला सगळं नीट सांगितलं. ती म्हणाली, "ह्या वयात कित्याक?" मी म्हटलं, तुला आरशात बघताना वाईट वाटतं ना, मग तेवढं कारण पुरे. ती काही बोलली नाही, पण बाटलीवरचं वाचत बसली होती.

उद्या जावेला रक्त तपासायला न्यायचंय. ती केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतेय, आणि त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. त्या दोन-तीन दिवस तरी आधी बंद हव्यात. म्हणजे उद्या नकोच, शुक्रवारी नेते.