कोल्हापूरची ब्रह्मपुरी बघायला जायचंय? आधी म्युझियम करा, मग टेकडी

कोल्हापूरला गेलं की अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा हे सगळं होतंच, पण यावेळी मला ब्रह्मपुरी बघायचीच होती. पंचगंगेच्या काठची ही टेकडी म्हणजे जुनं कोल्हापूर, एकावर एक वसत गेलेलं. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी इथे रीतसर उत्खनन केलं, प्रा. कुंदनगारांनी त्याच्या थोडं आधी.

माझं ऐकाल तर आधी टाऊन हॉल म्युझियम करा (सोमवार सोडून), कारण टेकडीवर आता घरं आहेत, खोदलेलं काही उघडं नाही, डोक्यात चित्र नसेल तर नुसतीच चढण होते.

म्युझियममध्ये माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो पोसायडनसमोर. ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, एवढासा, एक हात वर उचललेला, हातातला त्रिशूळ कधीच गेलाय पण दाढी, छाती, पोटाचे स्नायू इतके रेखीव की मी वाकून वाकून बघत राहिले. इथून समुद्र केवढा लांब, मध्ये अख्खा सह्याद्री! सातवाहन काळात रोमशी व्यापार चालायचा, माल कोकणातल्या बंदरांत उतरून घाट चढायचा, त्यातूनच हा देव ब्रह्मपुरीत पोचला. कुणी हौसेने घेतला असेल हो?

तर सगळ्यात खाली सातवाहनांची विटांची घरं, त्यावर शिलाहार-यादव, त्यावर बहमनी, आणि बहमनी थरात काय तर रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या.

मग रिक्षा केली. ब्रह्मपुरी म्हटल्यावर काकांना लगेच कळलं, पण म्हणाले, "ताई, तिथं बघायला काय न्हाई बघा." मी पोसायडनचं सांगितलं तर "आमच्या ब्रह्मपुरीत?" म्हणून रिक्षा बाजूला लावून माझ्याबरोबर वरच आले. वरून त्यांनी हात करून दाखवलं, २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते. नदी हाताशी आणि तरी उंचावर, म्हणूनच लोक परत परत इथेच वसले असणार, असं मला तिथे उभं राहून फार पटलं.

टेकडीवर एक मोठा फलक हवाच, कुठल्या थरात काय सापडलं ते चित्रासकट आणि मराठीत. रोज तिथून ये-जा करणाऱ्यांना आधी कळायला हवं.