तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सवर अँटिव्हायरस लागतो का?

मी लिनक्स वापरतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग अँटिव्हायरस कुठला टाकलाय?" एकही नाही. घरच्या डेस्कटॉपवर त्याची गरज मला वाटत नाही. पण "लिनक्सला व्हायरस लागतच नाही" असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात, त्यांच्या पंगतीत मला बसवू नका.

क्लॅमएव्ही नावाचा फुकट, ओपन सोर्स स्कॅनर आहे. पण त्याला सापडतात ते मुख्यतः विंडोजचेच व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेला पेनड्राइव्ह लिनक्सवर उघडून बघा. विंडोजवर गायब झालेले फोल्डर इथे बहुतेक वेळा सरळ दिसतात आणि शेजारी त्याच नावांचे शॉर्टकट. त्यावर क्लिक केलंत तरी तुमच्या मशीनला काही होत नाही. मात्र तोच पेनड्राइव्ह उद्या ऑफिसात लावणार असाल तर आधी साफ करा. मेल सर्व्हर किंवा सगळ्यांचं सामायिक स्टोरेज सांभाळणाऱ्यांनी तर क्लॅमएव्ही ठेवावाच.

लिनक्सवाल्याला फटका बसतो तो बहुधा त्यानं स्वतःच्या हातानं टाकलेल्या गोष्टीतून. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची वेबसाइट फोडून डाउनलोडची लिंक बॅकडोअर (म्हणजे चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलकडे, वळवली होती. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांनीच पॅकेजेस टाकायच्या साठ्यात, फायरफॉक्स आणि लिब्रवुल्फ या ब्राउझरची नावं लावलेली पॅकेजेस सापडली, आत रिमोट ॲक्सेस ट्रोजन, म्हणजे दुरून मशीनचा ताबा देणारा प्रोग्राम. एकदा सुडोला (सगळे अधिकार देणाऱ्या कमांडला) पासवर्ड दिलात की मशीन त्या प्रोग्रामचंच. मग स्कॅनर काय करणार? यूट्यूबवरच्या कुणीतरी सांगितलेली स्क्रिप्ट न वाचता थेट बॅशमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ओतणाऱ्यांनी अँटिव्हायरसची चौकशी करावी, याची गंमत वाटते.

बाकी हत्यारांचं म्हणाल तर फायरवॉल चालू करा. उबंटू या लिनक्समध्ये यूएफडब्ल्यू नावाचं फायरवॉल असतंच, फक्त बंद असतं. रूटकिट (सिस्टीममध्ये खोल दडून बसणारे घातक प्रोग्राम) शोधणारी टूल्स नवख्याला उगाच घाबरवतात. अपडेट वेळच्या वेळी करा. स्वतःचा सर्व्हर असेल तर गोष्ट वेगळी: इंटरनेटवर उघडा ठेवलात की थोड्याच वेळात लॉगिनच्या लॉगमध्ये रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी पासवर्ड ठोकून बघणाऱ्यांची रांग लागते. फेल२बॅन नावाचं टूल त्यांना हुसकावतं, पण खरा इलाज म्हणजे एसएसएचमध्ये (दुरून लॉगिन करायच्या सोयीत) पासवर्ड बंद करून 'की', म्हणजे किल्लीसारखी फाइल, वापरणं.

आणि एक्सझेडचं (फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलचं) काय, असं हल्ली हमखास विचारतात. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं, त्यानं पिच्छा पुरवला आणि एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर निघाला. कुठल्याही अँटिव्हायरसनं तो पकडला नव्हता. डेबियन या लिनक्सची 'स्टेबल' आवृत्ती वापरणारे वाचले, कारण त्यांच्याकडे एक्सझेडच्या त्या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या. म्हणून बँकेची कामं होतात त्या मशीनवर मी एलटीएसच (दीर्घकाळ अपडेट मिळणारी स्थिर आवृत्ती) ठेवतो, आणि नवनवीन गोष्टींची हौस जुन्या लॅपटॉपवर भागवतो.