पवित्र गुरुवारी बारा पाय

मधुमेहाने पायांना जखमा झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात मी नर्स आहे. इथे माणसं आजार सांगतात, पण पाय चादरीखाली ओढून घेतात. पवित्र गुरुवार म्हणजे गुड फ्रायडेचा आदला दिवस. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पाय धुण्याचा विधी होतो. यंदा त्यासाठी फादरांनी आमच्याच वॉर्डातले बारा जण मागितले आणि तयारी माझ्याकडे आली.

एकाच घंगाळात सगळ्यांचे पाय धुणं शक्यच नव्हतं. एकाच्या जखमेतला संसर्ग दुसऱ्याला लागला असता. म्हणून प्रत्येकाला वेगळं भांडं, ड्रेसिंग नसलेला एकच पाय, आणि वरून ओतलेलं पाणी. ते किती कोमट आहे हे मी कोपराने पाहिलं. नसा बधिर झाल्या की चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. बोटांच्या बेचक्या लगेच कोरड्या करायच्या, हे फादरांना आधीच बजावलं होतं.

बारा जणांत बायकाही होत्या. 2016 पर्यंत नियमाने या विधीला पुरुषच बसत. पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. त्याआधी, 2013 मध्येच, त्यांनी रोमच्या बालसुधारगृहातल्या मुलामुलींचे पाय धुतले होते. हा बदल फार आधी व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

एक आजोबा पाय पुढे करेनात. "फादर, माझ्या पायाला हात लावू नका." येशूचा शिष्य पेत्र त्या रात्री त्याला हेच म्हणाला होता. गुरूने कमरेला रुमाल बांधून नोकराचं काम करावं, हे त्याला बघवेना. शेवटच्या भोजनाच्या त्या रात्री भाकर आणि द्राक्षरस कसा दिला ते योहान आपल्या शुभवर्तमानात सांगतच नाही, पाय धुतल्याचं मात्र सविस्तर सांगतो. धुणाऱ्यापेक्षा धुऊन घेणाऱ्यालाच ते जास्त जड जातं, हे मी रोज पाहते.

फादर गुडघ्यांवर तसेच थांबले. बऱ्याच वेळाने आजोबांनी पाय सरकवला. भेगाळलेल्या टाचेवरून पाणी ओघळलं. "मला काहीच कळत नाही हो," ते म्हणाले, पण नजर फादरांच्या वाकलेल्या मानेवरून हलली नाही.

मिस्सेनंतर वेदीवरची वस्त्रं काढली गेली. मी आजोबांना ड्रेसिंगला घेतलं, तर ते विचारू लागले, "सिस्टर, येशूच्या त्या बारा शिष्यांत त्याला दगा देणारा यहूदाही होता ना?"

"होता. तो भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर पडला, तो पाय धुऊन झाल्यानंतर."