महाबळेश्वरात लायकेन बघायला: कधी जावं, कुठं थांबावं

लायकेनसाठी, म्हणजे झाडांच्या सालीवर नि दगडांवर दिसणाऱ्या राखी-हिरवट डागांसाठी, पाळ्यांसाठी, महाबळेश्वरला जायचं तर दिवाळीच्या आगेमागे जा. भर पावसाळ्यात भिंग पुसण्यातच निम्मा वेळ जातो, वर जळवा. मे महिन्यात गर्दी असते आणि खोडावरचं सगळं वाळून राखी झालेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सालीत ओल असते, सकाळी दव असतं आणि ऊन तिरपं येतं. आम्ही तिघी याच दिवसांत गेलो. स्वारगेटहून एसटी वाईमार्गे पसरणी घाट चढून वर येते, अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. मुक्काम बाजाराजवळच केला, कारण संध्याकाळी पायी फिरता येतं.

सोबत तीन गोष्टी हव्यातच: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्याची फवारणीची बाटली आणि लहान टॉर्च. चाकू, पटाशी वगैरे घरी ठेवा. इथली झाडं खरवडायची नाहीत. हा पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे.

पहिल्या सकाळी लॉडविक पॉइंटकडे निघालो. वाटेत गाडी थांबवून मी एका अंजनीच्या खोडाला नाक लावलं, तेव्हा टॅक्सीवाले दादा म्हणाले, “ताई, ते झाड आता जायचं. बुरशी चढलीये बघा सगळीकडं.” हा समज नुसता त्यांचाच नाही. बंगल्यांचे माळी, आंबेवाले, आमच्या सोसायटीचे चेअरमन, सगळे हेच म्हणतात आणि चुन्याची बादली काढतात. त्यातलं बुरशीपुरतं खरं आहे. लायकेन म्हणजे बुरशी आणि तिच्या धाग्यांमध्ये राहणारं शैवाल किंवा नीलहरित जीवाणू यांचा एकत्र संसार. पण अन्न तयार होतं ते आतल्या शैवालाकडून, उन्हावर. झाडाकडून फक्त बसायला जागा घेतलेली असते. वठत चाललेल्या फांदीवर लायकेन जास्त दिसतं, कारण पानं गळून तिथं उजेड पोचतो आणि साल वाढायची थांबलेली असते. फांदी आधी वठते, लायकेन मागून येतं. दादांना हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पटलं असं काही वाटलं नाही.

लॉडविकच्या वाटेवर जंगल ठेंगणं आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, सगळी वाऱ्यानं वाकलेली. इथं पॉइंटपर्यंत धावत जाऊ नका. गाडी अलीकडे लावून चालत जा आणि एकेका खोडापाशी थांबा. काही खोडं गंजल्यासारखी नारिंगी दिसतात. भिंगातून मखमली धागे दिसले तर ते लायकेन नाही, ट्रेंटेपोहलिया नावाचं मोकळं राहणारं शैवाल आहे. नावानं हिरव्या शैवालांतलं, रंगानं नारिंगी. गंमत म्हणजे याच गटातलं शैवाल शेजारच्या खोडावर ग्राफिस नावाच्या लायकेनच्या पोटात असतं. ग्राफिस म्हणजे सालीवर पांढरट, सपाट डाग आणि त्यावर काळ्या, वळणदार, मधेच फाटे फुटलेल्या रेघा. थेट मोडीतलं जुनं दप्तर. त्या रेघा म्हणजे बुरशीची बीजाणू तयार करायची जागा. आम्ही त्या एका खोडापाशी इतका वेळ काढला की मागून आलेलं कुटुंब पॉइंट बघून परतसुद्धा गेलं.

मग पार्मोट्रेमा नावाचं लायकेन शोधा. ते सहज सापडतं: राखी, रुंद पाळ्या, कडा थोड्या वर उचललेल्या, कडेला काळे बारीक केस, खालची बाजू काळी. कोरडं असताना पापडासारखं मोडतं. पाण्याचा एक फवारा मारा आणि बघत राहा. मिनिटभरात राखी रंग जाऊन हिरवा वर येतो, कारण वरचं आवरण भिजलं की पारदर्शक होतं आणि आतलं शैवाल दिसायला लागतं. कोरडं असताना सगळं कामकाज बंद, भिजलं की सुरू. त्याला मूळ नाही, पानांवर असतो तसा मेणाचा थरही नाही. पाऊस, धुकं, धूळ, धूर जे अंगावर येईल ते आत जातं. लायकेनचे अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत टिकलेली लायकेनं शहरात इतरत्र दिसत नाहीत हे नोंदवलं आणि त्याचा संबंध हवेशी जोडला. तेव्हापासून हवेची परीक्षा करायला लायकेन वापरतात.

हे वाचून कुणी बाजारातल्या झाडांवरून लगेच महाबळेश्वरच्या हवेचा निकाल देईल, म्हणून सांगते. बाजाराकडच्या रस्त्यावर आम्हाला मोठ्या पाळ्यांची लायकेनं फारच कमी दिसली, हे खरं. पण तिथं ऊन जास्त, धूळ जास्त आणि कित्येक बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले. पट्ट्याखाली काहीच जगत नाही. पट्टा संपतो तिथून वर पुन्हा राखी ठिपके सुरू होतात. एका झाडावर तर ती सीमा पट्टी लावून आखल्यासारखी होती. धुराला दोष द्यायच्या आधी चुना बघावा.

खोडावर दिसतं ते थोडंच असतं, बरंचसं शेंड्यावर. झाडावर चढायची गरज नाही, खाली पडलेल्या काटक्या उचला. आम्हाला एकाच वाळक्या फांदीवर अस्निया नावाच्या लायकेनचे हिरवट-पिवळे लोंबते धागे मिळाले. असा एक धागा दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणा. बाहेरचं कवच तुटतं आणि आत पांढरी, रबरासारखी ताणली जाणारी दोरी उरते. अस्निया ओळखायची ही खात्रीची खूण. ओढायचा तो पडलेल्या काटकीवरचाच धागा, झाडावरचा नाही. त्याच फांदीवर लेप्टोजियमही होतं: निळसर-काळपट, कोरडं असताना पातळ कागद, भिजलं की जेलीसारखं फुगलेलं. दिसायला गरीब, पण माझ्या मते जंगलाच्या हिशोबात सगळ्यात मोलाचं. त्याच्या आत नॉस्टॉक हा नीलहरित जीवाणू असतो आणि तो हवेतला नायट्रोजन धरतो. पाऊस त्यातला थोडा धुऊन खाली आणतो, बाकीचा अशा फांद्या पडून, कुजून मातीत जातो. मुसळधार पावसात मातीतलं सत्त्व धुऊन जातं तिथं हा वरून येणारा पुरवठा लहान समजू नये. म्हणून काटकी बघून झाली की होती तिथंच ठेवा.

परतताना निखार पक्ष्यांची जोडी दिसली, नर लालभडक, मादी पिवळी. नोव्हेंबरात त्यांचं घरटं मिळणार नाही, पण कधी दिसलं तर नीट बघा. लहानशी वाटी, कोळिष्टकांनी बांधलेली आणि बाहेरून लायकेनचे तुकडे चिकटवलेले. लांबून फांदीची गाठच वाटते. काही पतंगांच्या अळ्या तर लायकेन खाऊनच वाढतात.

लॉडविकच्या टोकावर एकोणिसाव्या शतकातला स्तंभ आहे. सगळे त्याच्यापुढे फोटो काढतात. तुम्ही स्तंभाचा दगडच बघा. त्यावरचा कुठलाही डाग स्तंभ उभा राहिला त्याच्या आधीचा नसणार, म्हणजे इतक्या वर्षांत लायकेन किती पसरतं याचा अंदाज बसतो. दगडाला घट्ट चिकटणारी कित्येक जातींची लायकेनं वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत. थंड प्रदेशात याच हिशोबावरून हिमनद्या मागे कधी सरकल्या ते काढतात. इथल्या पावसात तसं गणित बसवायच्या भरीस मी पडणार नाही.

दगडावरचं काम बघायला पाचगणीचं टेबललँड बरं. मधल्या भागात घोडे आणि भेळवाले असतात, तो ओलांडून कडेला जा, पण कड्याच्या फार जवळ नको. उघड्या जांभ्यावर खपल्यांसारखी लायकेनं दिसतील. बुरशीचे धागे दगडाच्या बारीक फटींत शिरतात, भिजून फुगतात, वाळून आकसतात. शिवाय ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्यं खनिजं सैल करतात. सुटलेले कण, वाऱ्याची धूळ आणि मेलेलं लायकेन खळगीत साठतं, त्यावर शेवाळ येतं, मग गवत. हे सगळे टप्पे आम्हाला एका हातभर खळग्यात शेजारीशेजारी बघायला मिळाले. कातळावर पाय ठेवायची जागा बघून ठेवा, चप्पल घासली की कित्येक वर्षांची वाढ जाते.

जाती ओळखायचा हट्ट धरू नका. फोनवरच्या ॲपवर तर मुळीच विसंबू नका. वरून सारखी दिसणारी लायकेनं वेगळी करायला रसायनांचे थेंब टाकून रंग बघावा लागतो, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू बघावे लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखीजा यांनी पश्चिम घाटातल्या लायकेनवर वर्षानुवर्षं हेच काम केलं. आपल्याला कुळापर्यंत पोचता आलं तरी पुष्कळ.

आणि दगडफूल. गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे पार्मोट्रेमा आणि त्याच्या भाऊबंदांचाच वाळवलेला माल. त्याची शेती होत नाही, सगळं जंगलातून ओरबाडून येतं. मसाल्याला चिमूटभर लागतं, तेवढंच घ्या. झाडावरचं ताजं काढून मसाल्यात घालायचा मोह आमच्यातल्या एकीला झाला होता. तिला भिंग हातात देऊन पुढच्या खोडाकडे पाठवलं.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, रविवारी दुपारनंतर पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. टेबललँडसाठी परतीच्या दिवशी पाचगणीत सकाळी लवकर उतरा, घोडेवाले यायच्या आत कडेचा कातळ बघून होतो. वाईची गाडी तिथूनच मिळते.