तुम्ही विचारलंत म्हणून: आता मोकळं वाटतं का?

लग्नात, दवाखान्यात, औशाच्या बसस्टँडवर, भेटेल तो एकच विचारतो, "काय अक्का, भावाची जमीन सावकाराकडून सुटली म्हणं! आता मोकळं वाटत असंल?" मी "हो की" म्हणते आणि विषय बदलते. आज नीट सांगते.

वाटतं. पण जमिनीमुळं वाटतं असं मला म्हणता येत नाही.

मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते २०१६ साल. त्या उन्हाळ्यात भावानं बोअरसाठी शेकडा पाचानं पैसे उचलले. शेकडा पाच महिन्याला, म्हणजे वर्षाचे ६० टक्के. बदल्यात कागद करून दिला आणि तो कागद म्हणजे सरळ खरेदीखत. "पैसे फिटले की खरेदी पलटून देतो," हा नुसता तोंडी शब्द. सातबाऱ्यावर सावकाराचं नाव लागलं. तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे : सही केलीच कशाला? बँकेचं जुनं पीककर्ज थकलेलं, नवं मिळेना, आणि आज हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकानंही तेव्हा हात दिला नव्हता. त्याला वेडा ठरवायचं असेल तर माझ्यासमोर ठरवू नका.

त्या एका रात्रीचं मात्र कोणी विचारत नाही, म्हणून तेच सांगते. खरेदी रद्द करा म्हणून भावानं केलेल्या अर्जाचा निकाल त्याच्या बाजूनं लागला होता, पण सावकारानं त्यावर अपील केलं होतं आणि त्याची तारीख लातूरला पुन्हा पुढं गेली होती. थंडीचे दिवस. अकराच्या सुमाराला वहिनीचा फोन आला, "अक्का, ह्यांचा फोन लागंना." तिनं एवढंच सांगितलं, मीही काही विचारलं नाही. आम्ही नवरा-बायको मोटारसायकलवर निघालो. गावात पोचलो तोवर चुलत भावांनी विहिरीत बॅटरी मारून पाहिलं होतं. काय शोधतोय हे एकाच्याही तोंडून निघत नव्हतं. वहिनी दारात उभी, लेकरू झोपेतून उठून तिच्या पदराला धरलेलं.

तो खालच्या तुकड्यात सापडला. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, चिखलात अनवाणी उभा राहून हरभऱ्यात तुषारचे पाइप बदलत होता. फोनची बॅटरी उतरलेली. "कामून आलाव एवढ्या रातच्याला?" म्हणाला. मग त्यानं आमच्या हातातल्या बॅटऱ्या पाहिल्या, एकेकाचं तोंड पाहिलं, आणि त्याला कळलं. पाइप खाली न ठेवता बोलला, "अक्का, मी पाणी द्यायलोय."

मी त्याच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तो पाइप जोडत राहिला.

त्यानंतर रात्रीची पाळी असली की मोटार बंद करून घरी आल्यावर तो मला मिसकॉल द्यायचा. मी सांगितलं नव्हतं, त्यानंही कधी बोलून दाखवलं नाही. मिसकॉल आला की मी झोपायची.

निकालाचं म्हणाल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याचं कलम १८, सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायचं. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज केला. खरेदीची किंमत बाजारभावाच्या मानानं नावापुरती, ताबा कायम भावाकडंच, आणि खरेदी झाल्यावरही दरमहा सावकाराच्या खात्यात पैसे. जमीन विकून वर घेणाऱ्यालाच हप्ता देणारा कोण असतो? खरेदी रद्द झाली, विभागीय सहनिबंधकाकडं केलेलं अपीलही फेटाळलं, फेरफार झाला. कोणाची जमीन अशी अडकली असेल तर ऐका, खरेदीला १५ वर्षं झाली नसतील तर अर्ज करता येतो. व्याज रोख देऊ नका, खात्यावरच द्या.

सातबारा हातात आला त्या दिवशी घरात पेढे वाटले. मला काहीच वाटलं नाही. मोकळं वाटलं ते पुढं कधीतरी : त्याच्या मिसकॉलची वाट न बघता मी झोपून गेले होते आणि हे सकाळी भाकरी थापताना ध्यानात आलं. मग बराच वेळ रडले. म्हणजे सुटका त्याची झाली आणि जीव माझा भांड्यात पडला. हे स्वार्थी वाटत असेल तर वाटू द्या.

पाहुणे म्हणतात, "तूच म्हणत होतीस ना जमीन दे सोडून? बघ, त्यानंच खरं केलं." हो, म्हणत होते. आजही तेच म्हणेन. त्या रात्री दुसरं काही पुढं आलं असतं तर हा सातबारा कोणाच्या हातात द्यायचा होता? पण जमीन सोडून पुण्याला कुठंतरी वॉचमन म्हणून उभा राहिला असता, तर तो तरी तोच राहिला असता का? त्याला विचारलं तर तो हसतो. मला हसू येत नाही.

आता तो नवा बोअर घ्यायचा म्हणतोय. बँकेकडूनच घेतो, कागद तुला दाखवून करतो म्हणतो. मी नाही म्हणाले. काल फोनवर यावरूनच वाजलं, दिवाळीला गेले की पुन्हा वाजेल.