पाकिटावरचे चौघे

पंख्याचं वॉरंटी कार्ड शोधत होतो. ते सापडणार नाही हे ठाऊक होतं, आणि पंखाही बहुधा वॉरंटीबाहेर गेलेला असणार. पण दुपारी झोप लागत नसली की माणूस खण उपसतो. खण मांडीवर घेऊन बसलो. रिमोटच्या मेलेल्या बॅटऱ्या, कुठल्यातरी कुलपाची किल्ली, एका चष्म्याची एकच काडी, आणि तळाशी एक खाकी पाकीट. आत काही नव्हतं. मागच्या बाजूला मात्र पेन्सिलनं चार ओळी होत्या. अलोन्सो ९. अमोरिम साडेआठ. दे झेर्बी ६, आणि पुढे ‘डोकं गरम’. सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, ‘फेयनूर्डचा टकलू – ?’

अक्षर माझंच. तारीख नव्हती, पण ती लिहायची गरजच काय? २६ जानेवारी २०२४ ला आमच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, युर्गन क्लॉपनं सांगितलं की मोसम संपला की मी लिव्हरपूल सोडतोय, अंगातली ऊर्जा संपत आलीय. त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं हे पाकीट पुढ्यात घेऊन बसलो होतो. मी, माझा आतेभाऊ आणि एक वकील मित्र. नवा मॅनेजर ठरवायचा होता, म्हणून हे चार उमेदवार आणि त्यांचे मार्क. आम्हाला कुणी विचारलेलं नव्हतं, ही गोष्ट त्या दिवशी एकाच्याही लक्षात आली नाही.

अलोन्सोबद्दल वकील म्हणत होता, “हा आला तर पहिले सहा महिने फरक दिसायचा नाही. त्याची पद्धत लागू पडायला वेळ लागतो.”

“पण तिकडे गुण आला ना? अगदी शेवटच्या घटका मोजत होते ते.”

“तिकडची केस वेगळी होती.”

“आणि वय बघ. बेचाळीस. मोठ्या ठिकाणचा अनुभव जेमतेम सव्वा वर्षाचा.”

आई आतून हात पुसत आली आणि दारात थांबली. “कोणाचं एवढं बिघडलंय रे? आणि मधेच डॉक्टर का बदलताय?”

आतेभाऊ म्हणाला, “मामी, फुटबॉलचं चाललंय.”

“मग ठीक. मला वाटलं खरंच कोणी आहे.” ती वळली, आणि जाता जाता म्हणाली, “तरुण डॉक्टर बरा असतो. लक्ष देऊन बघतो.” अलोन्सोचे आठाचे नऊ झाले ते या वाक्यामुळे. पाकिटावर आठ खोडलेला अजून दिसतो.

ज्यांनी असा कागद कधी केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पहिलं नाव नेहमी झिदानचं येतं. क्लब कुठलाही असो, झिदान येतो, सगळे क्षणभर हसऱ्या चेहऱ्यानं छताकडे बघतात आणि मग कामाला लागतात. मग क्लबचा एखादा जुना खेळाडू निघतो, ज्याला ‘आपली माती कळते’. मग गेल्याच आठवड्यात दुसरीकडून नारळ मिळालेला कुणीतरी, कारण तो रिकामा आहे. आणि शेवटी ज्याचा एकही सामना आपण पाहिलेला नाही अशा एका माणसाबद्दल आपण ‘त्याची प्रेसिंगची पद्धत’ या विषयावर दहा मिनिटं बोलतो. वकील तर जामिनाच्या अर्जासारखा बोलतो, मुद्दा एक, मुद्दा दोन, आणि विरुद्ध बाजूचा मुद्दा मांडायचं कामही स्वतःच करतो.

अलोन्सो आमचा, म्हणजे लिव्हरपूलचा जुना खेळाडू, हा माझा एकमेव मुद्दा होता. २००५ साली इस्तंबूलच्या त्या रात्री, चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये, मिलाननं तीन गोल चढवल्यावर बरोबरीचा गोल कुणी केला? पेनल्टी अडवली गेली आणि परत आलेला चेंडू कुणी आत मारला? त्यानं. आणि आता तोच माणूस लेव्हरकुसेनला, तळाला गेलेला संघ हाती घेऊन, एकही सामना न हरता बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीतल्या लीगच्या, विजेतेपदाकडे नेत होता. ते त्यांचं पहिलंच विजेतेपद, आणि पुढे ते मिळालंही, लीगमध्ये अपराजित राहून. यापेक्षा चांगलं प्रगतिपुस्तक कुणाचं असतं? आतेभाऊ अमोरिमवर अडून बसला होता. स्पोर्टिंग लिस्बन, तीन बचावपटू, तरुण पोरांवर भरवसा. साडेआठ त्याचेच. हा अमोरिम त्याच वर्षी नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला गेला आणि त्या मोसमात युनायटेड पंधराव्या नंबरवर राहिलं, तेव्हापासून आतेभावाला साडेआठ हा आकडा चालत नाही. साडेआठला भेटू म्हटलं की तो नऊ म्हणतो.

युनायटेडचं नाव निघालंच आहे तर एक बोलून टाकतो. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्या मैदानावर एका चाहत्यानं फलक धरला होता. तीन वर्षं सबबी ऐकल्या, खेळ अजून टाकाऊच, आता या साहेब, अशा अर्थाचा. साहेब म्हणजे ॲलेक्स फर्ग्युसन. जगातल्या चाहत्यांचं ऐकावं असं मला मनापासून कधी वाटलं असेल तर या एका वेळी. ऐकलं असतं तर पुढची लीगची तेरा विजेतेपदं टळली असती, २०११ साली आमच्या अठरांवर त्यांचं एकोणिसावं विजेतेपद बसलं नसतं, आणि माझं तारुण्य जरा बऱ्या मनःस्थितीत गेलं असतं. नाही ऐकलं. पुढे २०१३ ला फर्ग्युसन गेले, त्यांनीच सुचवलेला डेव्हिड मोयेस सहा वर्षांच्या करारावर आला, चाहत्यांनी ‘हाच तो निवडलेला’ असा फलक टांगला, आणि दहा महिन्यांत मोयेस घरी. म्हणजे चाहते चुकतात म्हणावं, तर सगळं जिंकलेले, सगळं कळणारे फर्ग्युसनही चुकले. मला यातून फार दिलासा मिळतो. तो खिलाडू वृत्तीतून येत नाही, हे उघड आहे.

आमच्याकडेही काही वेगळं नाही म्हणा. १९७४ च्या उन्हाळ्यात बिल शँक्लींनी अचानक लिव्हरपूल सोडलं आणि त्यांच्या जागी आले बॉब पेझली. क्लबमध्ये फिजिओपासून मिळेल ते काम केलेले, फारसं न बोलणारे, स्वतःलाच ही जागा नको होती असे. तेव्हा आमच्यासारखे तिघं पाकीट घेऊन बसले असते तर पेझली हे नाव खाली प्रश्नचिन्हापुरतंही आलं नसतं. नऊ मोसमांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप. आणि १९९६ साली जपानमधल्या क्लबकडून आर्सेनलला आलेले वेंगर? ‘आर्सेन कोण?’ असं लंडनच्या पेपरात छापून आलं होतं. १९९७-९८ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही. आणि २००३-०४ मध्ये अडतीस सामने, हार शून्य. त्याच वेंगरना शेवटी शेवटी ‘आता जा’ म्हणून फलक दाखवणारेही हेच चाहते.

या सगळ्या प्रकारात मला हेवा वाटतो तो एकाच माणसाचा. पोर्तो शहरात १९९४ च्या सुमारास एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा राहायचा. त्याच्याच इमारतीत एफसी पोर्तोचे तेव्हाचे मॅनेजर बॉबी रॉब्सन राहत. मुलाचा लाडका स्ट्रायकर होता दोमिंगोस, आणि रॉब्सन त्याला बाहेर बसवत. मुलानं सरळ जाब विचारला. रॉब्सननी त्याला हाकललं नाही. म्हणाले, तुझं म्हणणं आकड्यांनी दाखव. पुढे त्याला प्रशिक्षणाच्या वाटेलाही लावलं. तो आंद्रे व्हिलास-बोआस. २०१०-११ मध्ये तेहतिसाव्या वर्षी त्यानं पोर्तोला लीग जिंकून दिली, एकही सामना न हरता, वर युरोपा लीग. लगेच चेल्सीनं उचललं आणि नऊ महिने भरायच्या आत नारळही दिला. २०२४ मध्ये तो पोर्तोचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. विचार करा, मॅनेजर आपल्याच इमारतीत! माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त गणिताचे सर राहतात. त्यांना कुणाला का खेळवत नाही असं विचारायची सोय नाही.

तसा मीही एकदा मॅनेजर होतो. पाचवीत. मला फुटबॉल खेळता येत नसे, येत नाही, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. शाळेच्या मैदानावर दप्तरांचे ढीग करून गोलपोस्ट व्हायचे आणि मी एका ढिगाजवळ बसायचो. ‘तू मॅनेजर’ असं कॅप्टननं सांगितलं, म्हणजे काय तर खेळणाऱ्यांची घड्याळं सांभाळायची. सहा घड्याळं. तीन डाव्या मनगटावर, तीन उजव्या. एकाचा पट्टा प्लास्टिकचा होता आणि घामानं चिकटायचा. मधूनमधून मी “मागे कोणी नाही!” असं ओरडायचो. कुणी ऐकत नसे, पण मागे खरंच कोणी नसे.

एकदा आम्ही बारा-शून्य अशा काहीतरी फरकानं हरलो. कॅप्टन आला, गुडघे खरचटलेले, आणि म्हणाला, “मॅनेजर बदलू या.” कारण दिलं नाही. हात प्लास्टरमध्ये असलेला एक मुलगा होता, त्याला केलं. मी सहाही घड्याळं मोजून त्याच्या हवाली केली. नंतर कॅप्टन म्हणाला, तुझंही दे, आता तू खेळणाऱ्यांत. सातवं.

दुसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात उभं केलं. चेंडू माझ्याकडे येणार नाही अशी ती जागा होती. तिथून मी खेळ बघत नव्हतो. प्लास्टरवाल्याला बघत होतो. त्यानं घड्याळं मनगटांवर न चढवता टोपीत ठेवली होती. टोपीत! आणि मला अजून स्पष्ट आठवतं, मी मनात म्हणत होतो, हरू देत. आमचेच होते, मीच त्यांच्यात होतो, आणि हरू देत. जिंकले. सगळे धावत जाऊन प्लास्टरवाल्याला भिडले, त्याचा हात सांभाळत. मग मीही धावलो. त्यानं टोपीतून माझं घड्याळ काढून दिलं, पुसून.

हे पाकीट बघताना ती टोपी का आठवली ते सांगतो. २९ मार्च २०२४ ला अलोन्सो म्हणाला, मी लेव्हरकुसेनलाच राहतोय. माझा नऊ मार्कांचा माणूस गेला. मग आला आर्ने स्लॉट, नेदरलँड्समधल्या फेयनूर्ड क्लबचा टकलू, प्रश्नचिन्ह. क्लॉपनं निरोपाच्या दिवशी स्वतः मैदानात उभं राहून प्रेक्षकांकडून स्लॉटच्या नावाचा गजर करवून घेतला. केवढं मोठं मन! मी टीव्हीसमोर हाताची घडी घालून बसलो होतो. सप्टेंबरात नॉटिंगहॅम फॉरेस्टनं आम्हाला आमच्याच मैदानावर एक-शून्य हरवलं. वकिलाचा फोन आला, आवाज पडलेला. मी म्हटलं, “मी सांगितलं होतं.” वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल थोडं. पण खाली, अगदी तळाशी, एक गोड गार काहीतरी पसरलं होतं, आणि ते काय आहे हे मला पाचवीपासून माहीत आहे.

२७ एप्रिल २०२५. टॉटनहॅमवर पाच-एक. चार सामने शिल्लक असताना लीग आमची, विसावी. शेजाऱ्यांनी बेल वाजवून विचारलं की सगळं ठीक आहे ना, इतका मी ओरडलो होतो. वकिलानं फोनवर फक्त एवढं विचारलं, “पाकीट आहे का अजून?” मी म्हटलं, नाही, हरवलं.

आता सापडलंय तर प्रश्नचिन्हापुढे काही मार्क लिहावेत म्हणून पेन्सिलही शोधली. मग वाटलं, निकाल लागल्यावर पेपर तपासणं बरं दिसत नाही. पाकीट परत तळाशी सारलं आणि वर बॅटऱ्या ठेवल्या.

एक मात्र आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा दोन नावं होती. एक आन्चेलोत्ती आणि दुसरा, डॉर्टमुंडला सातव्या नंबरवर सोडून आलेला एक जर्मन. हा उतरणीला लागलाय, याला घेऊ नका, असं तेव्हा आमच्यापैकी एक जण चार दिवस घसा फोडून सांगत होता. त्या वेळी कागद केलेला नव्हता. आतेभावाला आठवत नाही, वकिलालाही आठवत नाही. कुणी विषय काढला तर मी क्लॉपच म्हणालो होतो.