उत्तर चुकतंय हे कळूनही मी गप्प का बसते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्यात मी अंध विद्यार्थ्यांची रायटर म्हणून परीक्षेला बसते. ते सांगतात, मी लिहिते. हे कळलं की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : "उत्तर चुकतंय हे दिसत असूनही तुम्ही तसंच लिहिता? दोन-चार मार्कांनी कुणाचं काय बिघडणार आहे?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते, ते मला कळतं. तरीही हो, मी तसंच लिहिते.

बिघडतं ते त्या विद्यार्थ्याचंच. वर्षभर ब्रेल वाचून, रेकॉर्डिंग ऐकून, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नोट्स काढून त्याने अभ्यास केलेला असतो. पहिला वर्ग मिळाला की कुणीतरी म्हणतंच, "रायटर हुशार असेल." हे वाक्य या मुलांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचा मला मनापासून राग येतो. मी एक साल जरी दुरुस्त केलं, तर त्या वाक्यात तथ्य आल्यासारखं होईल. मग त्याची उरलेली सगळी उत्तरं, जी पूर्णपणे त्याचीच आहेत, तीही संशयात जातील.

एम.ए.च्या इतिहासाच्या पेपरात एका मुलीने पुणे कराराचं साल १९३१ सांगितलं. मी १९३१ लिहिलं. बाहेर जिन्यात आल्यावर तिचं तिलाच आठवलं. "ताई, मी एकतीस सांगितलं ना? दुसरी गोलमेज परिषद डोक्यात होती. बत्तीस पाहिजे होतं!" ती स्वतःवर चिडली होती, आणि शेजारी तिच्या वर्गातल्या मुली आपापल्या चुका आठवून तशाच चिडल्या होत्या. पेपर संपल्यावर असं चिडण्याचा हक्क तिलाही आहे, असं मला वाटतं.

गप्प बसणं म्हणजे नुसतं न बोलणं नाही, हे मात्र शिकावं लागतं. बहुपर्यायी प्रश्नाचे चारही पर्याय एकाच सुरात, एकाच वेगाने वाचायचे. बरोबर पर्यायावर आवाज जरासा रेंगाळला तरी कान तयार असलेल्या माणसाला तो कळतो. सांगितलेलं ऐकून पेन थबकलं, तर तीही सूचनाच. म्हणून ऐकलं की लगेच लिहायचं. 'नक्की?' असं तर कधीच विचारायचं नाही.

विचारायचं ते आपल्या कामापुरतं. नाव नीट ऐकू आलं नाही, इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग हवं, गणितात कंस कुठे बंद करायचा, छेदात नेमकं काय घ्यायचं, हे सगळं बेलाशक विचारावं. माझ्या गिचमिड अक्षरामुळे किंवा चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घामुळे त्याचे मार्क गेले, तर तो अन्यायच. त्याची चूक त्याची राहावी आणि माझी त्याच्या माथी बसू नये, इतकं मी पाहते.

तासाला निदान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याबद्दलही लोक कुरकुरतात. तीन तासांच्या पेपरला एक तास म्हणजे फारच, असं त्यांना वाटतं. उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना तुमची नजर दहा वेळा वर-खाली जाते, तुमच्या लक्षातही येत नाही. इथे त्या प्रत्येक वेळी "तिसरा परिच्छेद परत वाचा" म्हणावं लागतं आणि मी वाचेपर्यंत थांबावं लागतं. खोडायचं तर आधी ती ओळ मला शोधावी लागते. जादाचा तास असाच जातो.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेल्यांचा पेपर लिहायचा असेल, तर त्यांचं बोलणं कानात बसायला वेळ लागतो. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये परीक्षेच्या दोन दिवस आधी रायटरला भेटू द्यावं असं म्हटलं आहे, ते यासाठी फार मोलाचं. हातात पेटके येऊन लिहिता न येणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने रायटर नाकारला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली आहे एवढ्यावरून रायटर नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. असे कितीतरी जण आजवर हात आखडत, कळ सोसत लिहीत राहिले असतील.

आता तुमच्यापैकी काहींचा पुढचा प्रश्न, की आम्ही येऊ का. २०१८ च्या त्याच सूचनांप्रमाणे विद्यार्थ्याने स्वतः आणलेला रायटर शिक्षणात त्याच्या एक पायरी खाली असावा लागायचा; २०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या. मी पदवीधर, म्हणून एम.ए.चे पेपर लिहू शकत होते; बी.ए.च्या मुलाला मी चालत नव्हते. निवृत्त, मोकळा वेळ असलेली, आनंदाने येतील अशी माणसं बरीचशी जास्त शिकलेली. जे चालतात त्या बारावी झालेल्या मुलांच्या स्वतःच्या परीक्षा नेमक्या तेव्हाच. खरी टंचाई या पेचामुळे आहे. नक्कल होऊ नये म्हणून हा नियम होता हे मान्य, पण पर्यवेक्षक नीट लक्ष देत असेल तर एवढी अट कशाला, असं माझं मत आहे. संगणकावर स्वतः टाइप करून पेपर देण्याची मुभाही या सूचनांमध्ये आहे. ती प्रत्येक कॉलेजात खरोखर मिळाली, तर कित्येकांना माझी गरजच उरणार नाही, आणि मला ते फार आवडेल.

तोपर्यंत, तुमच्या घरात बारावी झालेलं कुणी असेल तर त्याला विचारा. तारीख नक्की जमत असेल तरच हो म्हणायला सांगा, कारण आदल्या रात्री आलेला नकार म्हणजे सकाळी नवा रायटर शोधत फिरणं. ओळखपत्र, फोटो आणि शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, तिन्हींच्या प्रती काढून ठेवा. केंद्रावर बहुतेक वेळा त्या मागतात.